किल्लीवरची लाल फीत

"किल्ली कुठाय? अरे, किल्ली कुणी नेली?"

फ्लाइंग स्कूलचे मॅनेजर ऑफिसच्या दारात उभे राहून ओरडत होते. उभे कसले, या पायावरून त्या पायावर नाचतच होते म्हणा ना! मॅनेजरसाहेब म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. कपड्यांना इस्त्री, मिशीला इस्त्री, बोलण्यालासुद्धा इस्त्री! पण पोटात कळ आली की इस्त्री काय कामाची?

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाचं संडासाचं दार उघडलं आणि आतून प्रश्न्या बाहेर आला. रमतगमत, बोटावर किल्ली फिरवत.

"साहेब, एक विचारू?"

"नंतर!" साहेबांनी किल्ली हिसकावली, आत शिरले आणि दार धाडकन लावून घेतलं.

पण प्रश्न्या असा सोडतोय थोडाच! त्यानं बंद दारालाच विचारलं, "संडासाच्या किल्लीला एवढी मोठी लाल फीत कशाला? आणि तिच्यावर 'उड्डाणापूर्वी काढा' असं का लिहिलंय? आतून कुणी उडतं का?"

दारानं काही उत्तर दिलं नाही. बोका मात्र हसता हसता व्हरांड्याच्या कठड्यावरून खाली गवतात पडला, आणि पडलाच आहे तर म्हणून तिथेच आडवा झाला.

प्रश्न्या हा चष्मिसचा धाकटा भाऊ. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच. दिवसभर प्रश्न विचारून तो समोरच्याचं डोकं खायचा, आणि उत्तर मिळालं की त्या उत्तरावर आणखी दोन विचारायचा. बोका हा त्यांचा आतेभाऊ. जागा दिसेल तिथे अंग टाकून झोपायचा, म्हणून बोका. दोघं भावंडं सुट्टीला आत्याकडे आली होती. फ्लाइंग स्कूलला लागूनच जो उंच काचेचा टॉवर होता ना, तिथे आत्या काम करायची. कुणी उडायचं, कुणी उतरायचं, कुणी गप्प थांबायचं, हे आत्या ठरवायची. घरीसुद्धा तसंच!

आणि चष्मिस? ती वर बघत होती. तिचं निम्मं लक्ष नेहमी वरच असायचं. निळ्या आभाळात एक छोटं पांढरं विमान सावकाश वळत होतं. ऊन पंखावर पडलं की ते चमकायचं, मग परत साधं व्हायचं. त्या विमानात ताई होती, आत्याची मोठी लेक. ताई पायलट व्हायला शिकत होती.

चष्मिसलाही पायलट व्हायचं होतं, पण हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कारण वर्गातल्या एका शहाण्यानं तिला एकदा ऐकवलं होतं, "चष्मेवाल्यांना विमानात फक्त मागच्या सीटवर बसायला मिळतं!" तेव्हापासून ती ते स्वप्न मनातल्या मनातच उघडून बघायची आणि परत घडी घालून ठेवायची.

"बोक्या, ऊठ! ऑफिसात सगळ्याच किल्ल्यांना तसल्या फिती आहेत," प्रश्न्या धावत येऊन म्हणाला. "कपाटाच्या किल्लीला, हँगरच्या किल्लीला, चहाच्या खोलीच्या किल्लीला! काहीतरी गडबड आहे!"

"गडबड तुझ्या डोक्यात आहे," बोका डोळे न उघडता म्हणाला.

"श्श! ताई उतरतेय!" चष्मिस म्हणाली.

तिघंही पांढऱ्या रेषेपाशी जाऊन उभे राहिले. विमानं ठेवायच्या हँगरसमोर जमिनीवर एक जाड पांढरी रेषा मारली होती. विमानं रेषेच्या पलीकडे, मुलं अलीकडे, असा तिथला नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता.

ताईचं विमान खाली येत होतं. धावपट्टीच्या सुरुवातीला टेकायला हवं होतं, पण ते टेकेचना! जमिनीवरून तसंच तरंगत पुढे गेलं, आणखी पुढे गेलं, मग टेकलं, उडी मारली, परत टेकलं.

"अगं बाई!" चष्मिसनं डोळे मिटून घेतले.

विमान जागेवर येऊन थांबलं. आधी कॅप्टन उतरले. कॅप्टन म्हणजे ताईचे शिक्षक. माणूस प्रेमळ, पण एकदा मत झालं की झालं.

"आजही तेच! वेग सांभाळता येत नाही तुला," ते म्हणाले.

"काट्यावर बरोबर होता हो. पण मला आतून वाटत होतं, विमान जास्त जोरात चाललंय. वाऱ्याचा आवाजही जास्त होता," ताई म्हणाली.

"वाटण्यावर विमान चालत नाही. काट्यावर चालतं!"

कॅप्टन निघून गेले. हँगरच्या भिंतीजवळ एक निळी बादली पालथी पडली होती. ताईनं जाता जाता तिला लाथ मारली. बादली गडगडत पांढऱ्या रेषेपर्यंत आली. ताई अशी कधी वागायची नाही.

संध्याकाळी चौघंही गच्चीवर चटई टाकून पडले होते. आभाळ आधी पिवळं झालं, मग गुलाबी, मग कसलंच नाव देता येणार नाही अशा रंगाचं. लांब धावपट्टीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लोंबत होती. वारा पडला होता.

"ताई, ती बादली कशासाठी असते?" प्रश्न्यानं सुरुवात केली.

"पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून जो खाली येतो ना, त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. आमच्याकडे तशी रीतच आहे."

"आणि इंजिन मध्येच बंद पडलं तर? दगडासारखं पडतं?"

"छे रे! तरंगत खाली येतं. पंखांना समोरून वारा मिळत राहिला की विमान हवेत टिकतं. म्हणून तर वेग महत्त्वाचा. फार कमी झाला तर पंख धरत नाहीत, जास्त झाला तर विमान टेकत नाही."

"वेग कळतो कसा? चाकं तर हवेत असतात!"

ताईला हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच. "डाव्या पंखाखाली एक छोटी नळी असते. समोरचा वारा तिच्यात घुसतो. जितका जोरात घुसेल, तितका वेगाचा काटा पुढे जातो."

"पायलट व्हायला काय काय लागतं?"

चष्मिसनं कान टवकारले. हा प्रश्न खरं तर तिचा होता.

"गणित, विज्ञान, वारा नि ढगांचा अभ्यास. डॉक्टरांची तपासणी. मग शिक्षकांबरोबर पुष्कळ उड्डाणं. आणि मग एक दिवस शिक्षक खाली उतरतात, बाहेरून दार लावतात आणि म्हणतात, जा. शेजारची सीट रिकामी. वर तू आणि आभाळ, बस्स." ताई कुशीवर वळली. "सगळ्यांना तो दिवस मिळाला. माझीच गाडी अडलीय. उद्या दुपारनंतर एकटीनं उडायची शेवटची संधी. नाही जमलं तर कॅप्टन म्हणतात, हा नाद सोड. आणि आता मलाच वाटायला लागलंय, माझ्या अंगातच नसेल ते."

प्रश्न्या चटईच्या काड्या उपटत बसला. चष्मिसला चष्म्याचं विचारायचं होतं, पण आता ते विचारायची वेळ नव्हती.

शेवटी बोका म्हणाला, "ताई, ह्याला तो फितीचा प्रश्न तरी विचारू दे. नाहीतर ह्याचं पोट फुगेल."

फितीचं नाव काढताच ताई उठून बसली. "त्या फिती होय? मोठी गंमत आहे! त्या नळीला विमान उभं असताना एक टोपण घालतात आणि टोपणाला लाल फीत लावतात, उडण्याआधी काढायची आठवण राहावी म्हणून. मागे एक विद्यार्थी टोपण न काढताच निघाला होता. धावपट्टीवर लक्षात आलं म्हणून बरं. मॅनेजरसाहेब असे भडकले! म्हणाले, आजपासून टोपण घालायचंच नाही, म्हणजे काढायला विसरायचा प्रश्नच मिटला! टोपणं गेली खोक्यात, आणि फिती मजबूत होत्या म्हणून किल्ल्यांना."

"वा! म्हणजे दप्तर हरवतं म्हणून दप्तर न्यायचंच नाही!" बोका खूश झाला.

"रोगापेक्षा इलाज भयंकर," चष्मिस पुटपुटली. नळी उघडीच असते, दिवसरात्र. हे तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिघं पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गवतात पडले होते. पाठ गवताला, डोळे आभाळाला. सगळीकडे सामसूम. ऊन, गवताचा वास आणि कुठेतरी बारीक गुणगुण. अशा वेळी झोपेत आहोत की जागे, हेच कळत नाही. बोका झोपेत होता, हे मात्र सगळ्यांना ऐकू येत होतं.

गुणगुण जवळ आली. चष्मिसच्या नाकावरून एक माशी गेली. बारीक कमरेची, लांब पायांची. पायांत ओल्या मातीची गोळी धरलेली. स्वतःएवढं ओझं घेऊन बिचारी डुगडुगत उडत होती.

"कुंभारीण," चष्मिस स्वतःशीच म्हणाली. घराच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात मातीची घरं बांधते ती माशी. थोड्या वेळानं तीच माशी रिकामी परत गेली. मग पुन्हा आली, पुन्हा गोळी घेऊन. हिचं विमानतळ तरी कुठे आहे? चष्मिस कोपरावर उठली आणि तिचा माग काढायला लागली. मोरीच्या पाण्याजवळच्या चिखलातून निघाली, गवतावरून, पांढऱ्या रेषेवरून, सरळ ताईच्या विमानाकडे. डाव्या पंखाखाली गेली आणि दिसेनाशी झाली!

चष्मिसनं चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकानं लख्ख पुसला आणि परत लावला. माशी बाहेर आली. कुठून, तर त्या छोट्या नळीच्या तोंडातून!

"प्रश्न्या! बोक्या! उठा! सापडलं!"

"काय? कोण? जेवायचं झालं?" बोका धडपडत उठला.

"कुंभारणीनं ताईच्या नळीत घर बांधलंय! वारा नीट आत जातच नाही. म्हणून काटा कमी दाखवतो! काटा कमी दाखवतो म्हणून ताई वेग वाढवते, आणि मग विमान टेकत नाही! ताईला वाटत होतं तेच खरं होतं!"

प्रश्न्यानं आ वासला. "आणि तिनं आज घराचं दारच लिंपून टाकलं तर?"

"तर काटा पार झोपेल. आणि ताई आज एकटी जाणार आहे!"

तिघंही पळत सुटले. आधी कॅप्टनकडे. कॅप्टन हँगरच्या सावलीत आरामखुर्चीत होते, टोपी तोंडावर.

"कॅप्टनकाका, ताईच्या विमानात माशी शिरलीय!"

"तिला म्हणावं, पट्टा बांध," टोपीखालून आवाज आला, आणि पाठोपाठ घोरणं.

मग ऑफिसात. मॅनेजरसाहेबांनी अर्धंच ऐकलं. "माशी? माझ्या स्कूलमध्ये माशी? अशक्य! आणि ऐका, त्या पांढऱ्या रेषेपलीकडे पाऊल टाकलंत तर थेट आत्याला सांगेन!"

ताई हवामान बघायला टॉवरवर गेली होती. टॉवरच्या दारावर लाल दिवा लागलेला. तो लागला असेल तेव्हा दार ठोठावायचंसुद्धा नाही.

"काडी घालून माती काढून टाकू या का?" प्रश्न्या म्हणाला.

"मुळीच नाही! माती आणखी आत गेली तर? विमानाला आपण हात लावायचा नाही. मोठ्या माणसांनीच येऊन बघायला पाहिजे."

"पण मोठी माणसं येतील कशाला?"

चष्मिस ऑफिसच्या भिंतीकडे बघत होती. खिळ्याला संडासाची किल्ली लटकत होती. लाल फीत वाऱ्यानं हलत होती. चष्मिसच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"साहेबांचा दुपारचा चहा झाला का रे?"

"आत्ताच घेतायत."

"मग आता त्यांना ही किल्ली लागणारच. येतील. धावत येतील!"

पुढचं काम फार झकास झालं. प्रश्न्या साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. "साहेब, विमानाला हॉर्न असतो का? रिव्हर्स असतो का? ढगात शिरल्यावर ओलं होतं का? पक्षी आडवा आला तर आधी कुणी जायचं?" साहेबांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. तेवढ्यात बोका मागून मांजरपावलांनी आला आणि किल्ली काढून पसार झाला. जन्मात पहिल्यांदाच तो नावाला जागला!

चष्मिसनं किल्ली घेतली आणि पांढऱ्या रेषेपाशी थांबली. नियम मोडायचा तिचा स्वभाव नव्हता. पण वर जाणारी ताई होती, आणि शेजारची सीट रिकामी असणार होती. तिनं रेषा ओलांडली. पंखाखाली गेली आणि फीत नळीभोवती हलक्या हातानं गुंडाळून गाठ मारली. उड्डाणापूर्वी काढा! किल्ली खाली लोंबत राहिली.

वरून भोंगा कडाडला. आत्याचा आवाज! "विमानाजवळची चष्मेवाली! जिथे आहेस तिथेच उभी राहा!"

झालं! सगळीकडे एकच धावपळ. टॉवरमधून ताई आणि मागोमाग आत्या, खुर्चीतून कॅप्टन, आणि ऑफिसातून, पोट धरून, मॅनेजरसाहेब.

"माझी किल्ली! कार्टे, माझी किल्ली विमानाला?"

साहेबांनी फितीकडे हात नेला आणि तेवढ्यात गुणगुणत कुंभारीण आली. पायांत मातीची गोळी. घराचं दार बंद! ती फितीवर बसली, फितीखाली शिरायला बघू लागली, जमेना. भिरभिरली आणि दमून बसली कुठे, तर मॅनेजरसाहेबांच्या नाकावर!

कुणीच हललं नाही. साहेबांचे डोळे नाकाच्या शेंड्यावर येऊन मिळाले.

"काय केलंस तू हे?" कॅप्टननी विचारलं. पण त्यांची नजर चष्मिसवर नव्हती. माशी उडून परत नळीवर गेली होती आणि ते तिच्याकडे टक लावून बघत होते.

"ती तिथे घर बांधतेय, काका. नळीला टोपण नाही ना. मी आत काही घातलेलं नाही, नुसती फीत बांधलीय. फीत दिसली की तुम्ही बघितल्याशिवाय उडणार नाही, म्हणून," चष्मिस म्हणाली. तिला रडू येत होतं, पण ती सगळं बोलली.

कॅप्टननी मेकॅनिकला हाक मारली. त्यानं नळी सोडवली आणि कापडावर हळूच उलटी केली. आतून सुकलेल्या मातीचा एक गोळा बाहेर पडला, आणि त्याला चिकटलेली थोडी ओली माती. आजचीच.

कॅप्टननी ती माती बोटानं कुस्करून बघितली. मग त्यांनी टोपी काढली आणि ताईकडे वळले. "पोरी, तुला बरोबर कळत होतं. वाऱ्याचा आवाज, वेग, सगळं. मी काट्याचं ऐकलं, तुझं ऐकलं नाही. चूक माझी आहे."

ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आत्यानं तिला जवळ ओढलं.

"पण... माझी किल्ली..." मॅनेजरसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"घ्या. फीत मात्र इथेच राहील!" कॅप्टन गरजले. "सगळ्या फिती, सगळी टोपणं, आज संध्याकाळपर्यंत जागच्या जागी!"

"होय, होय! माझंच चुकलं! कानाला खडा!" असं म्हणत साहेब किल्ली घेऊन जे धावले, ते दार लागेपर्यंत थांबले नाहीत.

नळी साफ झाली, परत बसली, यंत्र लावून तपासली गेली. आधी कॅप्टन स्वतः एक चक्कर मारून आले. मग ताईला घेऊन गेले. ऊन उतरून गवत सोनेरी झालं होतं, तेव्हा विमान धावपट्टीच्या कडेला थांबलं. कॅप्टन खाली उतरले. त्यांनी बाहेरून दार लावलं, दारावर एक थाप मारली आणि चालत पांढऱ्या रेषेपाशी आले.

"एकटी?" प्रश्न्या कुजबुजला.

"एकटी," कॅप्टन म्हणाले.

विमान धावलं. चाकं कधी सुटली ते कळलंच नाही, इतक्या अलगद ते वर गेलं. लहान होत होत ते पिवळ्या उजेडात शिरलं. वारा गवतावरून जात होता. चष्मिसला वाटलं, आपणही तिथेच आहोत, त्या रिकाम्या सीटवर, आणि खाली घरं, रस्ते, झाडं, सगळं शांत पडून आहे. कुणाला काही घाई नाही.

"ताई उतरताना डोळे मिटून घेतलेस ना काल?" बोक्यानं तिला डिवचलं.

"आज नाही मिटणार."

विमान वळलं, खाली आलं आणि धावपट्टीच्या सुरुवातीलाच टेकलं. ना उडी, ना धक्का. टॉवरच्या भोंग्यातून आत्याचा आवाज आला. नियमाप्रमाणे तिला फक्त "उतरलात" एवढंच म्हणायचं होतं, पण ती "उतरलीस गं बाळा!" म्हणून बसली.

निळी बादली काठोकाठ भरून तयारच होती. प्रश्न्या आणि बोक्यानं ती मिळून उचलली आणि ताईच्या डोक्यावर ओतली! ताई किंचाळली, हसली, रडली आणि तशीच निथळत चष्मिसच्या गळ्यात पडली. दोघीही चिंब!

"शाब्बास!" कॅप्टन म्हणाले. "मोठमोठ्यांना दिसलं नाही ते हिला दिसलं. काय गं, मोठेपणी कोण होणार?"

चष्मिसनं आधी चष्मा सारखा केला. मग एकदम म्हणाली, "काका, चष्मा असला तर फक्त मागच्याच सीटवर बसायचं असतं ना?"

"कुणी सांगितलं?" कॅप्टननी शर्टाच्या खिशातून स्वतःचा चष्मा काढला आणि नाकावर चढवला. "हा काय शोभेला आहे? चष्मा लावून नीट दिसलं आणि डॉक्टरांनी होकार दिला की झालं. तुला किती नीट दिसतं, ते आम्ही आज सगळ्यांनी बघितलं."

चष्मिसच्या काचांवर पाणी होतं, आणि थोडं काचांच्या मागेही. ताईनं तिचा चष्मा काढला, कॅप्टनच्या हातातल्या लाल फितीच्या कोरड्या टोकानं पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला.

"आता नीट दिसतंय?"

"दिसतंय," चष्मिस म्हणाली. ती वर बघत होती.